घड्याळ तरी दिलं

गेल्या गणपतीत गावी घडलेली गोष्ट. जेवणं उरकली होती, बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि पडवीत जो तो सतरंजीवर आडवा झाला होता. भाचा मोबाइलवर अमेरिकन कुस्तीतलं एक जुनं भाषण बघत होता. १९८५ सालचं. पिवळट कुरळ्या केसांचा, पोट सुटलेला, किंचित बोबडं बोलणारा डस्टी ऱ्होड्स थेट कॅमेऱ्यात बघून बोलत होता. शेजारी काका भिंतीला टेकून बसले होते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. इंग्रजी त्यांना येत नाही, पण त्या माणसाच्या आवाजाकडे त्यांचे कान लागले होते. "काय म्हणतोय रे हा?" त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो. म्हणतोय, गिरणी कामगार घरी बसलेत, चार-पाच पोरं आहेत, त्यांच्या तोंडात घालायला काही नाही. मोटारींच्या कारखान्यातल्या लोकांना सांगितलंय, घरी जा. तीस वर्षं एका जागी राबलेल्या माणसाच्या हातात घड्याळ ठेवतात, ढुंगणावर लाथ घालतात आणि सांगतात, तुझ्या जागी आता कॉम्प्युटर आलाय. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घड्याळ तरी दिलं."

एवढंच. मग ते उठून समईत तेल घालायला गेले.

ते वाक्य त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मागे लागलं होतं. काकांना कुस्ती कळते. तरुणपणी ते कोल्हापूरला खासबागेत जाऊन कुस्त्या बघून आलेले आहेत. नुरा कुस्ती कोणती आणि खरी कोणती हे ते पहिल्या पकडीत सांगतात, आणि नुरा दिसली की मैदानातून उठून जातात. टीव्हीवरची ही अमेरिकन कुस्ती आधी ठरवून खेळतात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही त्या भाषणातलं एक अक्षरही त्यांना खोटं वाटलं नाही. कुस्ती खोटी, पैलवानाचं नाव खोटं, वैर खोटं, आणि त्या सगळ्याच्या पोटात असलेलं दुःख मात्र परळमधल्या माणसाला ओळखीचं. हे होतं कसं, याचा मी तेव्हापासून विचार करतोय.

डस्टी टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, प्लंबरचा मुलगा. हे त्याच्या भूमिकेतही होतं आणि आयुष्यातही. त्याच्या समोर उभा केलेला रिक फ्लेअर म्हणजे लखलखते झगे, रोलेक्स, लिमोझिन, खासगी विमान. आपण किती महाग बूट घालतो हे तो मुलाखतीत मोजून सांगायचा. दोघे ज्या कंपनीत होते तिचं ठाणं शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. हा सगळा पट्टा कापडगिरण्यांचा. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या स्वस्त कापडापुढे तिथल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. त्याच्या आधी, १९८१ मध्ये, संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी एका फटक्यात कामावरून काढलं होतं, आणि संप केला तर काय होतं हे देशभरच्या कामगारांना कळून चुकलं होतं. डस्टीने भाषणात पहिलं नाव घेतलं ते कापडगिरणीतल्या माणसाचं, कारण प्रेक्षकांत तोच बसला होता. पुढे तो कबूल करतो की खेळाडू कसा दिसावा तसा मी दिसत नाही, पोट जरा मोठं आहे. आणि मग कॅमेऱ्यासमोर हात पुढे धरतो, घरी बसलेल्यांनी आपला हात त्या हाताला लावावा म्हणून. मी ते पुन्हापुन्हा बघितलंय. पडद्यावर तळहात मोठा होत जातो, आणि त्या काळच्या जाड काचेच्या टीव्हीला लोकांनी खरोखर हात लावले असतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र जे मला सर्वांत जास्त लागलं ते त्याच्या पुढचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टारकेडच्या, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री डस्टीने फ्लेअरला चीत केलं. लोक खुर्च्यांवर चढले. काही दिवसांनी जाहीर झालं की पंच बेशुद्ध असताना मध्ये बाहेरच्यांनी ढवळाढवळ केली होती, त्यामुळे फ्लेअरला बाद ठरवलं, पण बाद झाल्याने विजेतेपदाचा पट्टा जात नाही, तो फ्लेअरकडेच. हजारोंच्या डोळ्यांदेखत जिंकलेला पट्टा कागदावर गेला. या प्रकाराला कुस्तीवाले आजही 'डस्टी फिनिश' म्हणतात, कारण कंपनीच्या कथा ठरवायचं काम तेव्हा डस्टीच करत होता आणि हा शेवट त्याने अनेकदा वापरला. पुढच्या वर्षी पट्टा मिळाला तोही दोनच आठवडे. प्रेक्षक चिडायचे, पण पुढच्या आठवड्यात परत यायचे. त्यांना तो शेवट पटत असणार. मैदानात जिंकायचं आणि नंतर कोणत्या तरी कचेरीत हरायचं, हे त्यांच्या रोजच्या जगण्यात होतच होतं. मुंबईतला संप तर अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. अडीच लाख माणसं ज्या संपात उतरली तो नेमका कुठल्या दिवशी संपला हे काकांना आजही सांगता येत नाही.

डस्टीनंतर दोनच वर्षांनी दुसऱ्या कंपनीने, म्हणजे मॅकमन यांच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, टेड डिबियासी नावाचा 'मिलियन डॉलर मॅन' उभा केला. प्रत्येकाची काही किंमत असते, हे त्याचं पालुपद. एका कार्यक्रमात त्याने एका लहान मुलाला सांगितलं, चेंडू ठरलेल्या वेळा टप्पे पाडून दाखव, पैसे देतो. पोरगं जीव लावून मोजत होतं आणि शेवटच्या टप्प्याला डिबियासीने चेंडूला लाथ मारली. पैशाची ताकद काय असते हे मी याहून नेमकं कुठे बघितलेलं नाही. त्याचा काळा अंगरक्षक व्हर्जिल त्याच्या मागे नोटांची गड्डी घेऊन फिरायचा आणि चारचौघांत अपमान गिळायचा. १९९१ च्या जानेवारीत त्याच व्हर्जिलने मालकाचा हिरेजडित पट्टा मालकाच्याच डोक्यात घातला, तेव्हाचा प्रेक्षकांचा आवाज ऐका. तिथे प्रत्येकाला आपापला एक साहेब आठवला असणार.

आमच्याकडे ही कुस्ती आली ती केबलवाल्याबरोबर. लालबागच्या चाळीत तेव्हा मजल्यावर दोन-तीन घरांत केबल होती आणि आम्ही पोरं दाराच्या उंबऱ्यावर दाटीवाटीने बसायचो. खिशात पैलवानांचे पत्ते, उंची-वजन तोंडपाठ. काका त्या वर्षांत एका गोदामावर रखवालदार होते. रात्रपाळी नसली की मागे उभे राहून बघायचे. स्टीव्ह ऑस्टिनचा जमाना तो. टकला, काळी बंडी, जीनची चड्डी, हातात बिअरचे डबे. आणि समोर कोण, तर खुद्द कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमन, सूटबूट घालून. १९९७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ऑस्टिनने मालकाला पहिल्यांदा लोळवलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं दर सोमवारी तेच. त्याच्या मोटारीत काँक्रीट ओत, बिअरचा टँकर आणून पाइपने त्याला भिजव. १९९८ च्या एप्रिलमध्ये या दोघांच्या भांडणावरच डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमाने दीड वर्षाहून जास्त काळ पुढे असलेल्या प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं. बाका प्रसंग आला की चाळीत शिट्ट्या वाजायच्या. एकदा काकांनी मागून विचारलं, "मालकाला मारला, मग याला कामावरून काढत कसे नाहीत?"

याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. आता आहे, आणि ते मला आवडत नाही. काढला नाही, कारण मार खाण्यातून मालकाला पैसे मिळत होते.

यातली एक गोष्ट मला बरीच वर्षं उमगत नव्हती. ऑस्टिनच्या त्या दिवसांत अमेरिकेत मंदी नव्हती. १९९८ ला बेकारी साडेचार टक्क्यांच्या आसपास होती, शेअर बाजार वर जात होता. मग एवढा राग कुठून आला? डस्टीच्या वेळी पोट रिकामं होतं. ऑस्टिनच्या वेळी पोट भरलेलं होतं, पण मान खाली होती. नफा होत असतानाही माणसं काढायची रीत तेव्हा रुळली होती. एटी अँड टी कंपनीने १९९६ च्या सुरुवातीला ४०,००० जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं. काम आहे, पगार आहे, पण वरचा माणूस कुठल्याही सोमवारी बोलावून सांगू शकतो की उद्यापासून येऊ नका. ऑस्टिनने हे स्वतः भोगलं होतं. १९९५ मध्ये हाताला दुखापत होऊन घरी असताना आधीच्या कंपनीने त्याला कामावरून काढल्याचं फोनवर कळवलं होतं. त्याच्या रागात जी धार होती ती लेखकाने लिहून दिलेली नव्हती. आणि आपल्याकडेही तेव्हा काय चाललं होतं? स्वेच्छानिवृत्ती. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांनी ती घेतली तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले आणि दोन वर्षांत ते गच्चीवर एकटे बसायला लागले. ऑस्टिन इंग्रजीत शिव्या द्यायचा, त्यातली एकही आम्हाला समजायची नाही, आणि तरी तो कुणाच्या वतीने शिव्या देतोय हे चाळीला बरोबर कळत होतं.

पडद्यामागे मात्र चित्र पार वेगळं होतं. मालकाला रोज बडवणाऱ्या त्या धंद्यात कामगार संघटना नव्हती आणि आजही नाही. पैलवान कागदोपत्री कर्मचारी नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. कंपनीच्या वेळापत्रकाने वर्षभर गावोगाव फिरायचं, पण नोकरदाराला मिळणारं आरोग्य विम्याचं, निवृत्तीचं कवच नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानाने कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर विषय काढला होता की आपण संघटना करूया. बातमी मालकापर्यंत पोहोचली. पुढे मानधनाच्या दाव्यात शपथेवरची साक्ष झाली तेव्हा कळलं की ती हल्क होगनने पोहोचवली होती. तोच होगन, ज्याला बघून आम्ही पोरं बनियन फाडायचो आणि घरी मार खायचो. व्हेंचुरा १९९८ मध्ये मिनेसोटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, पण पैलवानांची संघटना काही झाली नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. खबऱ्या प्रत्येक खात्यात असायचा, म्हणाले.

आणि राग मालकाकडेच वळतो असंही नाही. बहुतेक वेळा तो परक्याकडे वळवला जातो, ते सोपं पडतं. इराणमधल्या ओलिसांचं प्रकरण ताजं असताना आयर्न शीक नावाचा पैलवान होता. तो खरोखरच इराणी, अमेरिकेत येऊन तिथल्या ऑलिंपिक कुस्तीगिरांना शिकवलेला माणूस. त्याने फक्त देशाचं नाव उच्चारलं की लोक थुंकायचे. आखाती युद्धात अमेरिकन सार्जंटची भूमिका करणाऱ्या एका पैलवानाला इराकचा समर्थक केलं. २००४ मध्ये मुहम्मद हसन आला. अमेरिकेत जन्मलेला अरब, जो सुरुवातीला म्हणायचा की अकरा सप्टेंबरनंतर मला माझ्याच देशात संशयाने बघतात. त्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच बहुधा लोकांना जास्त संताप यायचा. ती भूमिका करणारा मुलगा इटालियन वंशाचा होता. २००५ मध्ये लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर त्या पात्राला टीव्हीवरून उठवलं गेलं. २०१७ मध्ये कॅनडात वाढलेला पंजाबी जिंदर महाल विजेता झाला आणि 'तुम्हाला मी नको आहे' असं अमेरिकन प्रेक्षकांना दर आठवड्याला सुनावू लागला. ज्या गावांत कारखाने बंद पडले होते तिथले लोक त्याच्यावर ओरडत होते. कारखाना त्याने बंद केला नव्हता. राग खरा असतो, पण तो कुठे काढायचा हे दुसरंच कुणी ठरवतं, याची मला मनापासून भीती वाटते, कारण हे फक्त तिथे आणि फक्त कुस्तीतच घडतं असं नाही.

१ एप्रिल २००७ ला डेट्रॉइटमध्ये रेसलमेनिया झाली, म्हणजे मॅकमन यांच्या कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम. कंपनीने जाहीर केलेला आकडा ८०,१०३ प्रेक्षकांचा. मुख्य आकर्षण होतं दोन अब्जाधीशांचं भांडण. एका बाजूला मॅकमन, दुसऱ्या बाजूला डोनाल्ड ट्रम्प. दोघांचा एकेक पैलवान, ज्याचा पैलवान हरेल त्या अब्जाधीशाचं डोकं भादरायचं, आणि पंच स्टीव्ह ऑस्टिन. त्याआधी जानेवारीत एका कार्यक्रमात ट्रम्पच्या नावाने छतावरून प्रेक्षकांवर नोटा सोडल्या होत्या. माणसं हात वर करून त्या झेलत होती. हे दृश्य बघताना मला डिबियासी आठवला. वीस वर्षांपूर्वी जो माणूस नोटा दाखवायचा तो खलनायक होता, लोकांना त्याचा तिरस्कार करायला शिकवलं होतं. आता नोटा टाकणारा लोकांच्या बाजूचा होता. प्लंबरच्या मुलाला या कथेत जागाच नव्हती. लोकांनी निवडायचं ते या अब्जाधीशात आणि त्या अब्जाधीशात, आणि डेट्रॉइटने निवडलं. हे डेट्रॉइट, जिथल्या मोटार कामगारांना घरी जा सांगितल्याचं डस्टीने १९८५ मध्ये बोलून दाखवलं होतं. २००९ ला जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, २०१३ ला खुद्द शहराने. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी मिशिगन राज्य १०,७०४ मतांनी जिंकलं. कुस्तीमुळे जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्यावरचा अन्याय मोठ्याने, टोपणनावं ठेवत, एका शत्रूकडे बोट दाखवत कसा सांगायचा, हे त्या रिंगणात उभं राहून त्यांनी पाहिलं होतं. मॅकमन यांच्या पत्नी लिंडा आधी ट्रम्प यांच्या सरकारात लघुउद्योगाचं खातं सांभाळत होत्या आणि २०२५ पासून शिक्षणमंत्री आहेत.

याच कलेतून दुसरीकडे काय निघालं तेही सांगायला हवं. मेक्सिकोत या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. तिथे 'रुदो' म्हणजे दांडगट आणि 'तेक्निको' म्हणजे नियमाने लढणारा, आणि पंच बरेचदा दांडगटाला सामील. सरकारी कचेरीत चकरा मारलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटीतली भाडेकरूंची जुनी घरं कोसळली. सरकारने पुढे हजारो घरं उभी केली, पण भाडेकरूंच्या सगळ्या वस्त्या त्यात बसल्या नाहीत, आणि घरमालक लोकांना बाहेर काढू लागले. १९८७ मध्ये वस्त्यांची संघटना झाली आणि तिच्याबरोबर एक माणूस रस्त्यावर आला. लाल-पिवळा मुखवटा, लाल तंग कपडे, छातीवर 'एस बी'. सुपरबॅरिओ. कुठे घर रिकामं करायला बेलीफ आले की हा दारात उभा राहायचा, मागे वस्ती गोळा व्हायची, बातमीदार यायचे. वाटाघाटींना मुखवटा घालूनच बसायचा आणि समोरचे अधिकारी त्याच्याशी बोलायचे. पोट त्याचंही सुटलेलं होतं. लोकांना हसू यायचं आणि त्या हसण्यातच भीती जायची. मला हे फार मोठं वाटतं. अमेरिकेत राग तिकीट काढून आत जायचा आणि सामना संपला की घरी जायचा. इथे पैलवानच रिंगणातून उतरून राग होता तिथे, जिन्यावर, उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. त्याचा शेवट कोणत्याही कंपनीने आधी लिहून ठेवलेला नव्हता.

शार्लटच्या शेजारच्या कॅनापोलिसची मोठी गिरणी २००३ मध्ये बंद पडली, नॉर्थ कॅरोलायनात जवळपास ४,८०० माणसं एका दिवसात बेकार झाली. त्या जागेवर नंतर संशोधन केंद्र उभं राहिलं. परळच्या जागांवर काय उभं राहिलं ते आपण जाता-येता बघतोच. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अजून मोर्चे निघतात. काका जमेल तेव्हा जातात, येताना गुडघे धरून येतात.

भाचा ज्याच्यामुळे ते जुनं भाषण बघत होता तो कोडी ऱ्होड्स, डस्टीचा मुलगा. उंची सूट, चकाकते बूट, फ्लेअरला शोभेल असा थाट. बापाला मॅकमन यांनी वाढवलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईत, कधी न मिळालेला पट्टा आपण मिळवायचा, ही त्याची कथा. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने त्याची जागा द रॉकला, म्हणजे पैलवानाचा हॉलिवूडचा नट झालेल्या माणसाला, द्यायचं ठरवलं तेव्हा प्रेक्षक असे पेटले की ठरलेली कथा बदलावी लागली. मग रॉकलाच खलनायक केलं, 'फायनल बॉस' या नावाने. आणि तो खरोखरच त्याच जानेवारीत कंपनीच्या मालक संस्थेच्या, टीकेओच्या, संचालक मंडळावर आलेला होता. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडी जिंकला. भाचा पहाटेपासून जागा होता, रडला. मलाही भरून आलं. लोकांनी आरडाओरडा करून काहीतरी बदलून घेतलं, हे मला महत्त्वाचं वाटतं आणि ते मी कुणाला हसण्यावारी नेऊ देणार नाही. पण तिकिटांचे दर आता असे आहेत की डस्टी ज्यांच्याबद्दल बोलला त्यांच्या मुलांना ते परवडत नाहीत, आणि याबद्दल प्रेक्षक ओरडताहेत तरी दर खाली आलेले नाहीत. तेवढा बदल अजून कुणाच्या कथेत आलेला नाही. भाच्याला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, मग संचालकांना कोण हरवणार?" मी त्याला व्हेंचुराची गोष्ट सांगायला बसलो.